इटलीत जेवताना : घड्याळ पाळावे, दरपत्रक वाचावे

रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन शहरे युरोपच्या बहुतेक सहलींत असतातच. समूहसहलीने जाणाऱ्यांच्या जेवणाची व्यवस्था सहल कंपनी करते आणि ती बऱ्याचदा भारतीय उपाहारगृहातच असते. स्वतः आखणी करून जाणाऱ्याला मात्र दिवसातून दोन-तीनदा, अनोळखी शहरात आणि अनोळखी भाषेत, कुठे जेवायचे हे ठरवावे लागते. ज्या देशाच्या स्वयंपाकाचे जगभर कौतुक होते, त्याच देशातून ‘जेवण महाग आणि बेचव होते’ अशी तक्रार घेऊन परतणारे पर्यटकही पुष्कळ आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उत्तम आणि सुमार जेवण यांत तेथे अनेकदा दोन गल्ल्यांचे आणि एखाद्या तासाचे अंतर असते. हे अंतर कसे ओळखावे, बिलातील कोणता आकार रीतसर आणि कोणता संशयास्पद, शाकाहारी पर्यटकाने काय विचारावे, याची माहिती निघण्यापूर्वीच करून घेतलेली बरी.

पुन्हा न येणारे गिऱ्हाईक

वाईट जेवणामागील अर्थशास्त्र साधे आहे. वस्तीतील उपाहारगृह आसपासच्या कचेऱ्यांतील नोकरदार, दुकानदार आणि रविवारी कुटुंबासह येणारे रहिवासी यांच्या जिवावर चालते. तेथे एक दिवस सॉस बिघडला, तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी शेजारच्या दारात जातो. कलोसियमसमोरच्या टेबलावर बसलेला पर्यटक जेवण कितीही चांगले असले तरी सहसा पुन्हा येत नाही. आणि ते वाईट निघाले तरी त्याच्या जागी उद्या दुसरा येणारच असतो. मोक्याच्या जागेचे भाडे मात्र दरमहा भरावेच लागते. अशा ठिकाणी मालकाने चांगला स्वयंपाकी ठेवण्यापेक्षा दारात बोलघेवडा माणूस उभा करणे फायद्याचे ठरते.

व्हेनिसमध्ये ही गोष्ट सर्वांत ठळकपणे दिसते. तेथील जुन्या बेटशहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. रहिवासी घटले की नेहमीचे गिऱ्हाईक घटते आणि स्वयंपाकावरचा त्याचा धाकही जातो. म्हणून कोणत्याही उपाहारगृहासमोर उभे राहिल्यावर एकच प्रश्न मनाशी विचारावा : उद्या पुन्हा येणाऱ्या माणसासाठी हे चालवले जात आहे काय? पुढील बहुतेक खुणा याच प्रश्नातून निघतात.

जेवणाची वेळ

इटलीत दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच या वेळेत आणि रात्रीचे साडेसातनंतर होते. मधल्या काळात चांगल्या उपाहारगृहांची स्वयंपाकघरे सहसा बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालये पाहून पर्यटक चार वाजता बाहेर पडतो, तेव्हा तो थकलेला आणि भुकेला असतो. आणि त्या वेळी गरम जेवण देणारी जी ठिकाणे उघडी दिसतात ती मुख्यतः त्याच्यासारख्यांचीच वाट पाहत असतात. साडेसहालाच रात्रीचे जेवण वाढणाऱ्या ठिकाणांबद्दलही हेच म्हणता येईल.

यावर उपाय म्हणजे दिवसाची आखणी जेवणाच्या वेळेभोवती करणे. एक वाजता नीट जेवून घ्यावे आणि रात्रीची जागा सकाळीच ठरवून शक्य तर टेबल राखून ठेवावे. वेळ चुकलीच, तर बसून जेवण्याचा आग्रह सोडून ‘फोर्नो’ म्हणजे पावभट्टीत किंवा ‘पिझ्झा अल ताल्यो’च्या दुकानात जावे. तेथे मोठ्या तव्यातील पिझ्झ्याचा हवा तेवढा तुकडा कापून वजनावर देतात; तो स्वस्त पडतो आणि दुपारभर मिळतो. ‘तावोला काल्दा’ अशी पाटी असेल तेथे तयार भाज्या, भात व पास्ता काचेमागे मांडलेला असतो. पाहून बोट दाखवता येते.

घरून नेलेला चिवडा किंवा मेथीचे ठेपले यांचा खरा उपयोग याच वेळी होतो. भूक तासभर थोपवता आली, तर चुकीच्या दारात पाऊल पडत नाही. मात्र दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात सोबत नेण्यास मनाई आहे. पेढे आणि तुपाचा डबा घरीच ठेवावा. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ या सणाच्या आगेमागे अनेक घरगुती उपाहारगृहे काही दिवस बंद ठेवली जातात, आणि उघडी राहणारी बरीचशी पर्यटकांवर चालणारी असतात.

दारावरच्या खुणा

इटलीत दरपत्रक ग्राहकाला दिसेल असे लावणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्या दाराबाहेर दर दिसत नाहीत, तेथे आत जाऊ नये. दारात उभे राहून हाताला धरून बोलावणारा माणूस, पदार्थांची उन्हाने फिकी पडलेली छायाचित्रे, सहा देशांचे ध्वज आणि शंभर पदार्थांची यादी या चारांपैकी दोन खुणा एकत्र दिसल्या, तरी पुढे चालावे. केवळ इंग्रजी मेनू कार्ड असणे हा दोष नव्हे; मोठ्या शहरांत चांगली उपाहारगृहेही ते ठेवतात.

यादीतील पदार्थ बरेच काही सांगतात. इटलीचा स्वयंपाक प्रांताप्रांतांचा आहे. काचो ए पेपे, ग्रीचा, कार्बोनारा आणि आमात्रिचाना हे पास्त्याचे चार प्रकार रोमचे. मांसाचा ‘रागू’ बोलोन्याचा आणि तोही ताल्यातेल्ले या रुंद पट्ट्यांच्या पास्त्याबरोबर. ‘स्पॅगेटी बोलोनेज’ या नावाने जगभर खपणारा पदार्थ खुद्द बोलोन्यातील परंपरेत बसत नाही, आणि मांसाच्या गोळ्यांसह येणारी स्पॅगेटी ही अमेरिकेतील इटालियन स्थलांतरितांची देणगी. हे सारे एकाच यादीत दिसले, तर ती यादी परदेशी पाहुण्याच्या अपेक्षा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे असे समजावे. उलट दहा-बारा पदार्थांची, ऋतूनुसार बदलणारी, हाताने लिहिलेली यादी ही चांगली खूण आहे. रोममध्ये हिवाळा ते वसंत या काळात आर्टिचोक आणि शरदात रानटी अळंबी दिसावीत. जुन्या रूढीनुसार रोममध्ये गुरुवार हा बटाट्याच्या ‘न्योक्की’चा वार, तो पाळणारे ठिकाण सहसा वस्तीतल्या लोकांचे असते.

‘मेनू तुरिस्तिको’ म्हणजे पर्यटकांसाठीचे ठरावीक दराचे जेवण. ते स्वस्त असते, पण बहुधा त्यात आधी शिजवून ठेवलेला माल खपवला जातो. याच्याच शेजारी ‘प्रान्झो दि लावोरो’ हे शब्द आढळले तर मात्र थांबावे. नोकरदारांसाठीचे हे दुपारचे ठरावीक जेवण असते, आणि ते रोज खाणारे लोक पर्यटकापेक्षा कठोर परीक्षक असतात.

बिलातील शब्द

इटालियन बिलात पदार्थांखेरीज काही आकार असतात. त्यांना सरसकट फसवणूक म्हणणे चूक आहे. परंतु ते दरपत्रकावर आधी छापलेले असले पाहिजेत.

‘कोपेर्तो’ हा टेबलावर बसण्याचा माणशी आकार. तो बहुतेक ठिकाणी दीड ते तीन युरोच्या आसपास असतो आणि पर्यटनस्थळी अधिकही असतो. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे, तेथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो आकारण्यास मनाई केली. त्यामुळे रोममध्ये बिलावर ‘पाने’ म्हणजे पाव अशी नोंद दिसते. पाव नको असल्यास टेबलावर टोपली ठेवतानाच सांगावे; मग पैसे लागू नयेत. ‘सेर्वित्सियो’ हा सेवेचा आकार, साधारण १० ते १२ टक्के. तो बिलात असेल तर वेगळी टिप देण्याचे कारण नाही. नसेल तरीही इटलीत टिप सक्तीची नाही. जेवण आवडले तर एक-दोन युरो ठेवण्याची पद्धत आहे.

जेवण झाल्यावर वेटर बराच वेळ बिल आणत नाही, याचा अनेकांना राग येतो. तेथे न मागता बिल आणणे म्हणजे ‘आता उठा’ असे सुचवणे. ‘इल कोंतो’ एवढे दोन शब्द पुरतात.

वजनावरचा मासा

मोठ्या बिलांची जी प्रकरणे वृत्तपत्रांत गाजली, त्यांतील अनेकांच्या मुळाशी मासा होता. २०१९ मध्ये रोममध्ये दोन जपानी पर्यटकांना सुमारे ४३० युरोचे बिल आले. त्यात ८० युरो टिपेचे होते. केवळ दोन ताटल्या स्पॅगेटीसाठी एवढे पैसे घेतल्याची तक्रार झाली. ताजा मासाही मागवला होता, असे मालकाचे म्हणणे होते. त्याआधी २०१८ च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना मांसाच्या चार ताटल्या आणि तळलेल्या माशांसाठी १,१०० युरोहून अधिक मोजावे लागले. त्या प्रकरणाचा गवगवा होऊन तपासणी झाली आणि त्या उपाहारगृहाला दंड भरावा लागला.

अखंड मासा इटलीत बहुतेक ठिकाणी वजनावर विकतात. दरपत्रकावर ‘एत्तो’ असा शब्द असतो. त्याचा अर्थ १०० ग्रॅम. ‘सात युरो’ पाहून मागवलेला मासा ८०० ग्रॅमचा निघाला, तर बिल ५६ युरो होते, आणि ते पूर्णपणे कायदेशीर असते. ‘एस. क्यू.’ ही अक्षरे असतील, तर किंमत प्रमाणानुसार ठरेल असा त्याचा अर्थ. अशा वेळी मासा शिजवण्यापूर्वी आणून दाखवण्यास सांगावे, वजन करून घ्यावे आणि एकूण किंमत कागदावर लिहून मागावी. चांगल्या उपाहारगृहात याचे कोणालाही वाईट वाटत नाही. ‘आजचा खास पदार्थ’ तोंडी सांगितला जातो तेव्हाही ‘क्वांतो कोस्ता?’ म्हणजे ‘किती पडेल?’ हे विचारलेच पाहिजे.

पदार्थापुढील तारांकनाचा अर्थ तळाशी बारीक अक्षरांत दिलेला असतो : ‘सुर्जेलातो’, म्हणजे गोठवलेले. व्हेनिसमधील रियाल्तोचा मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बंद असतो, हेही मत्स्यप्रेमींनी ध्यानात ठेवावे.

शाकाहारी पर्यटकासाठी

महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेकांच्या दृष्टीने खरा प्रश्न पैशांचा नसतो, तर पानात काय आले याचा असतो. इटलीत शाकाहारी पदार्थ विपुल आहेत, पण ‘मांस नाही’ या उत्तरावर विसंबून चालत नाही. मांसाचा तुकडा नसला की पदार्थ शाकाहारी, असा तेथील अनेकांचा समज असतो. मिनेस्त्रोने हे भाज्यांचे सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, आणि रिसोत्तोचेही तसेच. कडधान्याच्या सुपात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे चवीपुरते घालतात. रोममधील ‘सुप्पली’ या तळलेल्या भाताच्या गोळ्यात पारंपरिक रीतीने मांसाचा सॉस असतो. रोमान्या भागातील ‘पियादिना’ या पोळीत डुकराची चरबी वापरण्याची जुनी पद्धत आहे. आमात्रिचाना, ग्रीचा आणि कार्बोनारा या तिन्हींत डुकराच्या गालाचे मांस असते.

नावेही चकवतात. पिझ्झा ‘मारिनारा’ हे नाव खलाशांवरून आले असले तरी त्यात मासा नसतो. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते. चीजही नसल्याने कडक शाकाहारींसाठी तो सर्वांत निर्धोक पिझ्झा. ‘पेपेरोनी’ म्हणजे इटालियन भाषेत ढोबळी मिरची; अमेरिकन पिझ्झ्यावरचे मांस नव्हे. याउलट ‘फ्रुत्ती दि मारे’, शब्दशः समुद्राची फळे, म्हणजे कोळंबी, शिंपले आणि माकूल. ‘आलीची’ किंवा ‘आच्चुगे’ हे शब्द दिसले तर त्यात छोटे खारवलेले मासे आहेत असे समजावे.

चीजबाबत काहींना अधिक काटेकोर राहावे लागेल. पार्मिज्यानो रेज्यानो हे चीज वासराच्या जठरातील विकराने दूध विरजूनच करावे लागते, असा त्याच्या प्रमाणित कृतीचा नियम आहे. पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे विकर वापरतात. काचो ए पेपे या पदार्थात मांस नसते, पण पेकोरिनो असतेच. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘सेंत्सा फोर्माज्यो’, म्हणजे चीजशिवाय, असे सांगावे. अंड्याबाबत ढोबळ नियम असा : स्पॅगेटी, पेन्ने यांसारखा सुका पास्ता सहसा गव्हाचा रवा आणि पाणी यांचाच असतो, ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, राव्हियोली, लाझान्या, यांत बहुधा अंडे असते. तिरामिसूत अंडे आणि पान्ना कोत्तात जिलेटिन असते.

युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. अंडे, मासे, कवचधारी जलचर आणि दूध त्या यादीत आहेत, मांस नाही. म्हणून हा तक्ता मागून अंडे आणि मासा तपासावा, आणि मांसाविषयी मात्र तोंडी विचारावे : ‘चे कार्ने नेल ब्रोदो?’, म्हणजे ‘सुपाच्या पाण्यात मांस आहे का?’ पुरुषाने ‘सोनो वेजेतारियानो’ आणि स्त्रीने ‘सोनो वेजेतारियाना’ असे म्हणून लगेच ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ (मांस नको, मासा नको) जोडावे. ही वाक्ये चिठ्ठीवर लिहून नेली, तर थेट स्वयंपाकघरात पोचतात. टोमॅटो, लसूण व तिखट मिरचीचा ‘पेन्ने आल्ल आर्राब्याता’ मराठी जिभेला लगेच आवडतो. आर्टिचोकचा अख्खा कळा तेलात कुरकुरीत तळलेला ‘कार्चोफी आल्ला जुदिया’ ही रोमच्या ज्यू वस्तीची देणगी आहे. हंगामात तो चुकवू नये.

कॉफी, पाणी आणि जेलातो

इटलीतील ‘बार’ म्हणजे कॉफीचे दुकान. तेथे उभ्याने, ‘अल बांको’, घेतलेल्या एस्प्रेसोला सव्वा ते दीड युरो पडतो. तीच कॉफी प्रसिद्ध चौकातील टेबलावर, ‘अल तावोलो’, तिप्पट-चौपट होते. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातील कॅफे फ्लोरियन १७२० पासून चालू आहे. तेथे वाद्यवृंद वाजत असताना बाहेर बसल्यास संगीताचा वेगळा आकार लागतो. तीनशे वर्षांच्या जागेत बसण्याचा अनुभव म्हणून जाणीवपूर्वक तो खर्च करणे वेगळे आणि बिल पाहून दचकणे वेगळे. नुसते ‘लात्ते’ मागितल्यास पेलाभर दूध येते; ‘काफे लात्ते’ म्हणावे.

रोममध्ये ‘नासोनी’ नावाचे सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत. त्यांची सुरुवात १८७४ मध्ये झाली आणि त्यांचे पाणी पिण्यायोग्य असते. बाटली सोबत ठेवली, तर स्मारकांजवळच्या गाड्यांवरील महाग पाण्याची गरज उरत नाही. उपाहारगृहात मात्र बाटलीबंद पाणीच बहुधा मिळते.

जेलातोच्या दुकानात रंग पाहावा. पिस्त्याचा खरा रंग मळकट हिरवा आणि केळ्याचा राखाडी-पांढरा असतो. भडक हिरवे-पिवळे, डोंगरासारखे फुगवलेले ढीग हवा, रंग आणि स्थिरकारकांवर उभे असतात. चांगल्या दुकानांत बऱ्याचदा झाकणाच्या धातूच्या भांड्यांत माल ठेवलेला असतो. ‘हस्तनिर्मित’ ही पाटी एकटी पुरेशी नाही.

कोठे जावे, कोणावर विसंबावे

मुख्य स्मारकापासून दहा-पंधरा मिनिटे चालत गेले, तरी चित्र बदलते. रोममध्ये तेस्ताच्चो आणि गार्बातेल्ला, फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीपलीकडचा ओल्त्रार्नो आणि सांत आम्ब्रोजो बाजाराचा परिसर, व्हेनिसमध्ये कान्नारेज्यो व कास्तेल्लो यांचे आतले भाग उपयोगी पडतात. तेस्ताच्चो ही जुन्या कत्तलखान्याची वस्ती. तेथील पारंपरिक पदार्थ आतडी आणि शेपटीचे आहेत, हे शाकाहारींनी जाणून जावे. व्हेनिसमध्ये ‘बाकारो’ या छोट्या दुकानांत ‘चिक्केत्ती’ म्हणजे तोंडीलावण्याचे घास मिळतात. थोडे खाऊन पुढे जाता येते. भारतीय जेवणाची आठवण झालीच, तर रोममधील तेर्मिनी स्थानक आणि पियात्सा व्हित्तोरियोच्या आसपास भारतीय आणि बांगलादेशी उपाहारगृहे आहेत.

इंटरनेटवरील गुणांकन वापरावे, पण जपून. २०१५ मध्ये एका इटालियन नियतकालिकाने गार्दा सरोवराकाठच्या गावातील, अस्तित्वातच नसलेले उपाहारगृह खोट्या अभिप्रायांच्या जोरावर एका नामवंत संकेतस्थळावर त्या गावात पहिल्या क्रमांकावर नेऊन दाखवले. २०१८ मध्ये लेच्चे येथील न्यायालयाने खोटे अभिप्राय विकणाऱ्याला नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. म्हणून तारे मोजण्यापेक्षा इटालियन भाषेतील अलीकडचे अभिप्राय यंत्राने भाषांतरित करून वाचावेत. अधिक भरवशाचा आधार म्हणजे कार्लो पेत्रिनी यांनी सुरू केलेल्या स्लो फूड चळवळीचा ‘ऑस्तेरिए दि’तालिया’ हा मार्गदर्शक ग्रंथ. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनल्ड्सला झालेल्या विरोधातून ही चळवळ पुढे आली. ग्रंथात गोगलगायीचे चिन्ह असलेली ठिकाणे विशेष पसंतीची.

पैसे देताना

कार्डाने पैसे स्वीकारणे इटलीत बंधनकारक आहे आणि नकार देणाऱ्यास ३० जून २०२२ पासून दंडाची तरतूद लागू आहे. ‘यंत्र बिघडले आहे, रोख द्या’ असे ऐकू आले, तर सावध व्हावे. यंत्राने ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारल्यास नेहमी युरो निवडावा. रुपयांचा पर्याय निवडल्यास विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. बिलाची प्रत्येक ओळ दरपत्रकाशी ताडून पाहावी आणि छापील पावती घ्यावी. आकार छापलेला नसेल, तर शांतपणे तो वगळण्यास सांगावे. मालक ऐकत नसल्यास स्थानिक पोलिसांना बोलावण्याचा उल्लेख करावा. करविषयक गैरप्रकारांसाठी ‘ग्वार्दिया दि फिनान्झा’ या दलाचा ११७ हा क्रमांक आहे, आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. पैसे देऊन बाहेर पडल्यावर वाद घालणे अवघड होते, म्हणून शंका टेबलावरच सोडवावी.

एवढी काळजी घेऊनही एखादे जेवण सुमार निघेल; त्याने सहल बिघडत नाही. पण मागवण्यापूर्वी दर वाचणे, वजन विचारणे आणि पदार्थात काय आहे ते खात्री करून घेणे ही तीन कामे मिळून पाच मिनिटांची आहेत. संकोचापोटी ती टाळली जातात. रोज येणारा इटालियन माणूस वेटरला हेच प्रश्न विचारत असतो, आणि त्याला चांगले जेवण मिळण्याचे तेही एक कारण आहे.